इंजिन दिल्लीत, घाट सह्याद्रीत : अभियांत्रिकी-इतिहासाच्या स्मारकाचे एक वाचन

अभियांत्रिकीच्या इतिहासाची स्मारके सामान्यतः दोन प्रकारची असतात. पूल, बोगदे, धरणे, कालवे, गिरण्यांची धुरांडी ही जागच्या जागी उभी असतात. त्यांना पाहायचे तर त्यांच्यापाशीच जावे लागते. इंजिने, यंत्रे, डबे, मोजमापाची उपकरणे ही मात्र मूळ ठिकाणाहून उचलून दुसरीकडे मांडता येतात. पहिल्या प्रकारातील स्मारक भूगोलापासून तोडता येत नाही. दुसऱ्या प्रकारातील स्मारक भूगोलापासून तुटल्यावरच संग्रहालयातील वस्तू बनते. हा भेद वरवर पाहता सोयीचा, व्यवस्थापकीय स्वरूपाचा वाटतो. परंतु कोणता इतिहास सांगितला जावा आणि कोणाच्या नावाने, हे पुष्कळदा या भेदावरूनच ठरत असते. दिल्ली आणि तिच्या परिसरातील रेल्वे-स्मारकांना भेट देणाऱ्या मराठी वाचकाच्या दृष्टीने हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. कारण तेथे मांडलेल्या काही महत्त्वाच्या वस्तूंचे आयुष्य सह्याद्रीत गेले आहे. प्रस्तुत लेखात या वस्तूंचे आणि त्यांनी मागे ठेवलेल्या घाटाचे एकत्र वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

चाणक्यपुरीतील सह्याद्री

नवी दिल्लीतील चाणक्यपुरी येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची कोनशिला १९७१ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते बसवण्यात आली आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. इंग्लंडमधील यॉर्कचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७५ मध्ये सुरू झाले होते. म्हणजे वाफेच्या युगाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा देण्याची प्रक्रिया दोन्ही देशांत जवळजवळ एकाच काळात घडली. भारतात तर त्या वेळी वाफेची इंजिने हजारोंच्या संख्येने प्रत्यक्ष धावत होती. संग्रहालयाच्या उभारणीत मायकेल सॅटो या इंग्रज जाणकाराचा पुढाकार होता. संस्थानिकांच्या आलिशान डब्यांपासून पतियाळा संस्थानाच्या एकरुळी गाडीपर्यंत देशाच्या कानाकोपऱ्यांतून गोळा केलेल्या वस्तू येथील मोकळ्या आवारात मांडल्या आहेत.

या आवारात विजेवर चालणारी दोन जुनी इंजिने आहेत. एकावर ‘सर लेस्ली विल्सन’ असे नाव आहे, दुसऱ्यावर ‘सर रॉजर लमली’. पहिले मालगाड्यांसाठीचे, दुसरे प्रवासी गाड्यांसाठीचे. दोन्ही ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. विल्सन १९२३ ते १९२८ या काळात, तर लमली १९३७ ते १९४३ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. तिसरी वस्तू आकाराने लहान, पण तितकीच बोलकी आहे. ते नेरळ–माथेरान रेल्वेचे ७३८ क्रमांकाचे इंजिन. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १९०४ ते १९०७ या काळात उभारलेल्या या दोन फूट रुंदीच्या मार्गावर १:२० इतका चढ आणि अत्यंत तीव्र वळणे आहेत. त्यामुळे जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कॉपेल या कंपनीकडून अशी इंजिने करवून घ्यावी लागली, की ज्यांची चाके वळणावर थोडी सरकू शकतील.

यांपैकी ‘सर लेस्ली विल्सन’ची रचना विशेष लक्ष देण्यासारखी आहे. १९२८–२९ च्या सुमारास अशी ४१ इंजिने तयार झाली; काही स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्यात, तर बहुतेक इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत. त्यांचा सांगाडा मध्ये सांध्यांनी जोडलेला आहे. दोन बाजूंना लांब नाके, मध्ये चालकाची खोली, आणि विजेच्या मोटारीची शक्ती चाकांपर्यंत नेणारे जाडजूड जोडदांडे. उतारावर उतरताना मोटारींकडूनच वीज निर्माण करून गाडी आवरण्याची सोयही त्यांत होती. सपाट प्रदेशासाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. सांधे वळणासाठी होते, अनेक चाकांवर वाटलेला भार चढासाठी होता आणि वीज परत करणारे ब्रेक उतारासाठी होते. थोडक्यात, या इंजिनाच्या प्रत्येक अवयवात घाट लिहिलेला आहे. दिल्लीच्या सपाट जमिनीवर, काही मीटर रुळाच्या तुकड्यावर ते उभे आहे. तेथे येणारा प्रेक्षक उत्तर पाहतो. ज्या प्रश्नाचे ते उत्तर होते तो प्रश्न मात्र त्याला दिसत नाही.

भाषेनेही येथे एक आडपडदा उभा केला आहे. ‘घाट’ या शब्दाचा मराठीत पहिला अर्थ डोंगरातील चढणीची वाट असा होतो. नदीकाठच्या पायऱ्या हा अर्थही मराठीला परिचित आहे. परंतु पुणे–मुंबईच्या संदर्भात तो कोणाच्या मनात येत नाही. दिल्लीकराच्या कानाला घाट म्हणजे यमुनेचा काठ, निगमबोध घाट. पाटीवरचा ‘भोर घाट’ हा शब्द तोच राहतो, पण त्यातील पर्वत नाहीसा होतो. तुलनाकारांना हा अनुभव नवा नाही. भगिनी भाषांमधील समान शब्द जितका जवळचा, तितका तो निसटता असतो.

लोखंडी सडक

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याकडे चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन निघाली. या घटनेची वर्णने विपुल आहेत. मुंबईत रेल्वे आणण्याच्या प्रयत्नांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांचा असलेला वाटाही सर्वश्रुत आहे. येथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. १८५४ मध्ये कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचे रेल्वेविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्याचे नाव ‘लोखंडी सडकांचे चमत्कार’ असे होते. चमत्कार म्हटला आहे तो सडकेचा. इंग्रजी शब्दाचा अर्थ शब्दशः उतरवण्याचा प्रयत्न या नावामागे असणारच. तथापि पुढील काळातही मराठीने हा मार्गाचा पक्ष सोडला नाही. ‘आगगाडी’ हा शब्द वाहनासाठी रूढ झाला आणि ‘लोहमार्ग’ हा शब्द संस्थेसाठी उरला. महाराष्ट्रात रेल्वे पोलिसांना ‘लोहमार्ग पोलीस’ म्हणतात, ही त्या पक्षाची आजवर टिकलेली खूण होय.

या शब्दयोजनेला भौगोलिक आधार होता. मुंबईला सह्याद्रीच्या भिंतीने देशापासून तोडलेले होते. बेटापासून ठाण्यापर्यंत गाडी धावणे ही नवलाई होती, परंतु ती देशावर चढणे हा खरा प्रश्न होता. इंजिन विलायतेहून जहाजात येऊ शकत होते. सडक मात्र येथेच, याच डोंगरात, याच माणसांच्या हातांनी करावी लागणार होती. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये वरसईहून उत्तर हिंदुस्थानात जाण्यासाठी निघाले, तेव्हा बोरघाटात काम सुरू होऊन वर्ष उलटून गेले होते. त्यांनी आपला ‘माझा प्रवास’ १८८३ मध्ये लिहिला, तोपर्यंत मुंबई–कलकत्ता रेल्वे जोडली जाऊन तेरा वर्षे झाली होती आणि तो छापून निघाला १९०७ मध्ये. पायी चालण्याच्या काळाची ही कथा, रेल्वेच्या काळात लिहिली आणि वाचली गेली. त्या वृत्तान्तातील मजलांचे, मुक्कामांचे आणि वाटेतील धास्तीचे तपशील वाचताना लोखंडी सडकेने नेमके काय बदलले याची कल्पना येते. वेग वाढला हे तर खरेच. पण त्याहून मोठा बदल म्हणजे वाट कळेनाशी झाली.

घाटाची किंमत

बोरघाटाच्या चढाचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले आणि एप्रिल १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. सोळा मैलांहून किंचित कमी अंतरात १,८३१ फूट उंची गाठायची होती. सर्वांत तीव्र चढ १:३७ चा, म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरू लागण्यास एवढा चढ पुरेसा असतो. पंचवीस बोगदे खोदावे लागले आणि कड्यांमधील दऱ्यांवर दगडी कमानींचे पूल बांधावे लागले. एका ठिकाणी तर चढण सलग नेण्यास जागाच नव्हती. तेथे ‘परते स्थानक’ करण्यात आले. गाडी तेथे थांबे, तिचे तोंड उलटे होई आणि ती दुसऱ्या दिशेने पुढचा चढ चढू लागे. ही व्यवस्था विद्युतीकरणाच्या वेळी, १९२९ मध्ये, नवे बोगदे खोदून बंद करण्यात आली.

कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी मुंबईतच या घाटांच्या योजनांवर निबंध वाचले होते. घाट खुला होण्याच्या आदल्या वर्षी, १८६२ मध्ये, त्यांचा इंग्लंडमध्ये मृत्यू झाला. पहिले कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल यांनी १८५९ मध्ये काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी, भारतात आल्यावर थोड्याच आठवड्यांत मरण पावले. आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवून ते तडीस नेले. ही नावे इतिहासात आहेत. त्यांच्याविषयी कागद उपलब्ध आहेत.

ज्यांच्याविषयी कागद जवळजवळ बोलत नाहीत, त्यांची संख्या १८६१ मध्ये चाळीस हजारांच्या वर गेली होती. दगड फोडणारे, सुरुंग लावणारे, चुना कालवणारे, माती वाहणाऱ्या बाया आणि त्यांची मुले. कड्यावर उभे राहण्यास जागा नसे, तेथे वरून दोरखंडाने माणसे सोडून पहार चालवावी लागे. पावसाळ्यात काम थांबे, पटकी आणि तापाच्या साथी छावण्यांतून फिरत. मृतांचा विश्वसनीय आकडा हाती नाही, आणि ही गोष्ट स्वतःच त्या काळाच्या हिशेबपद्धतीवर भाष्य करणारी आहे. किती घनयार्ड खडक फोडला याची नोंद काटेकोर आहे. फोडणाऱ्यांची तशी नाही.

हे मजूर कागदावर ठळकपणे उमटतात ते एकदाच. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकल्यामुळे संतापलेल्या मजुरांनी युरोपीय देखरेखदारांवर हल्ला केला. चौकशी झाली, आणि पुढच्याच वर्षी सार्वजनिक बांधकामांवरील मालक-मजुरांच्या मजुरीविषयक तंट्यांसाठी १८६० चा नववा कायदा अस्तित्वात आला. इयान केर यांनी वसाहतकालीन रेल्वेबांधणीच्या आपल्या १९९५ मधील अभ्यासात हा दुवा स्पष्ट केला आहे. बोरघाटाने देशाला रेल्वेमार्ग दिला, तसा मजुरीच्या तंट्यांचा कायदाही दिला. चाणक्यपुरीतील इंजिनांपासून या दुसऱ्या देणगीपर्यंत जाणारी वाट संग्रहालयात आखलेली नाही.

खेकडा आणि शिंग्रोबा

अधिकृत स्मारकाला पर्याय म्हणून लोकस्मृती नेहमी स्वतःची नावे आणि स्वतःची दैवते घडवत असते. गव्हर्नराचे नाव मिरवणाऱ्या ‘सर लेस्ली विल्सन’च्या जातीच्या इंजिनांना ती चालवणारी माणसे ‘खेकडा’ म्हणत. उभे असताना होणारा कण्हल्यासारखा आवाज आणि धावताना जोडदांड्यांची होणारी सळसळ यांवरून हे नाव पडल्याचे सांगतात. हे नाव पितळी पाटीवर नाही. गव्हर्नराच्या नावातून सत्तेचा क्रम कळतो. ‘खेकडा’ या नावातून मात्र यंत्राशी रोजचा व्यवहार करणाऱ्या माणसाचे निरीक्षण कळते. त्यात थट्टा आहे, जवळीक आहे आणि कोकणच्या ओहोळांत वाढलेली नजर आहे. एकाच वस्तूची ही दोन नावे म्हणजे एकाच घटनेच्या दोन संहिता होत.

दुसरे उदाहरण शिंग्रोबाचे. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर खोपोलीच्या वरच्या चढणीत शिंग्रोबाचे मंदिर आहे. घाट चढणारे वाहनचालक तेथे थांबून नाणे वाहतात. आख्यायिका अशी की, इंग्रज अभियंत्यांना डोंगरातून वाट सापडेना तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने गुरे-मेंढरांच्या नेहमीच्या वाटा त्यांना दाखवून दिल्या. काम झाल्यावर ‘काय बक्षीस हवे’ असे विचारले असता त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली. काही जण ही कथा गाडीरस्त्याशी जोडतात, काही लोहमार्गाशी. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार शोधणे हा या कथेशी व्यवहार करण्याचा योग्य मार्ग नव्हे. आख्यायिकेचे सत्य तिच्या रचनेत असते.

ही रचना तीन दावे करते. वाटेचे ज्ञान स्थानिक होते, हा पहिला. ते ज्ञान घेतले गेले आणि देणारा संपवला गेला, हा दुसरा. आणि ज्याला इतिहासाने स्मारक दिले नाही त्याला वाटसरूंनी देव केले, हा तिसरा. बर्कलींच्या निबंधांत खडकाचे प्रकार, चढाची गुणोत्तरे आणि खर्चाचे अंदाज आहेत; आख्यायिकेत वाट दाखवणारा माणूस आहे. दोन्ही एकाच घाटाविषयी बोलतात. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने या दोन संहितांपैकी एकीला इतिहास आणि दुसरीला लोकसाहित्य अशा वेगवेगळ्या कप्प्यांत टाकले, तर घाटाचा अर्धाच अर्थ हाती लागेल. शिंग्रोबाचे मंदिर हेही अभियांत्रिकी-इतिहासाचेच स्मारक आहे. तेथे प्रवेशशुल्काऐवजी नाणे वाहिले जाते, एवढाच फरक.

रेवाडी : नावांचे पुनर्वसन

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील दुसरे स्मारक हरियाणातील रेवाडी येथे आहे. गुडगाव, मानेसर, धारूहेडा, बावल अशा कारखान्यांच्या पट्ट्याला लागून असलेले हे शहर १८७३ मध्ये दिल्लीहून आलेल्या मीटरगेज मार्गामुळे रेल्वेच्या नकाशावर आले. १८९३ मध्ये तेथे वाफेच्या इंजिनांची शेड बांधण्यात आली. वाफेचा काळ सरल्यावर ती ओस पडली. २००२ मध्ये तिला पुन्हा जीवदान मिळाले आणि २०१० मध्ये वारसा संग्रहालयाच्या रूपात तिचे नूतनीकरण झाले. १८५५ मध्ये लीड्स येथे बांधलेले आणि १९९७ मध्ये पुन्हा धावू लागलेले ‘फेअरी क्वीन’ हे इंजिनही पुढे चाणक्यपुरीहून येथे आणण्यात आले.

चाणक्यपुरी आणि रेवाडी यांत एक मूलभूत भेद आहे. रेवाडीत शेड तिच्या मूळ जागी आहे. इंजिने पेटवली जातात, त्यासाठी बॉयलरची डागडुजी करणारे हात लागतात. कौशल्य जिवंत ठेवल्याखेरीज वस्तू जिवंत राहत नाही, हे तेथे उघड होते. कारखान्यांच्या पट्ट्यात असल्यामुळे या शेडला आणखी एक संदर्भ मिळतो. आसपासच्या कारखान्यांत कंत्राटी पद्धतीने राबणाऱ्या कामगारांच्या आजच्या जीवनाशी १८५९ चा मजुरीचा तंटा अगदीच अनोळखी नाही.

येथील मीटरगेज इंजिनांना ‘साहिब’, ‘सिंध’ अशी नावे दिलेली आढळतात. बोरीबंदर–ठाणे गाडी ओढणाऱ्या तीन इंजिनांची परंपरेने सांगितली जाणारी नावे साहिब, सिंध आणि सुलतान अशी आहेत. ती तिन्ही इंजिने आज अस्तित्वात नाहीत. जपण्याची कल्पना रुजण्यापूर्वीच ती मोडीत निघाली. मुंबईच्या मोठ्या रुंदीच्या मार्गावरील इंजिनांची नावे अशा रीतीने शंभर वर्षांनंतर बांधलेल्या, वेगळ्या रुंदीच्या, वेगळ्या प्रदेशात धावलेल्या इंजिनांवर आली. याला चूक म्हणणे सोपे आहे. पण वाङ्मयाच्या इतिहासात असे नेहमीच घडते. मूळ संहिता हरवते, तिचे शीर्षक उरते आणि पुढील पिढी त्या शीर्षकाखाली आपली संहिता लिहिते. अपेक्षा एवढीच, की वाचकाला हे पुनर्लेखन आहे हे कळावे.

जागेचे स्मारक

ऑस्ट्रियातील सेमेरिंग रेल्वेमार्गाचा दाखला येथे उपयुक्त ठरतो. कार्ल फॉन गेगा यांच्या देखरेखीखाली १८४८ ते १८५४ या काळात, सुमारे वीस हजार मजुरांच्या श्रमांतून आल्प्स पर्वतातील हा मार्ग तयार झाला. चौदा बोगदे, सोळा उंच कमानपूल आणि तीव्र चढ यांमुळे तो बोरघाटाचा थोरला समकालीन शोभतो. १९९८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो संपूर्ण मार्गाला. आणि त्यावरून गाड्या धावतच राहिल्या. भारतात दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–सिमला या डोंगरी रेल्वेंना १९९९ ते २००८ या काळात असा दर्जा मिळाला. मुंबईचे बोरीबंदर येथील स्थानक २००४ मध्ये त्या यादीत आले. ज्या घाटामुळे त्या स्थानकाला देशाचे प्रवेशद्वार होता आले, तो घाट यादीबाहेर राहिला.

याचे एक कारण असे असावे, की बोरघाट अजून थकलेला नाही. कर्जतला आजही अनेक गाड्यांना मागून ढकलणारी इंजिने जोडावी लागतात. उपयोगात असलेल्या वस्तूकडे स्मारक म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे कमी आहे आणि उपयोग संपलेल्या, पण हलवता न येणाऱ्या वस्तूला तर थाराच नसतो. ‘अमृतांजन पूल’ या लोकनावाने ओळखला जाणारा घाटातील इंग्रजी अमदानीतील दगडी पूल एप्रिल २०२० मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आला. खुद्द दिल्लीत, राज रेवाल आणि रचना-अभियंता महेंद्र राज यांनी १९७२ च्या प्रदर्शनासाठी प्रगती मैदानात उभारलेले ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे काँक्रीटचे असाधारण बांधकाम एप्रिल २०१७ मध्ये जमीनदोस्त झाले. हलवता येते ते जपले जाते आणि रुजलेले पाडले जाते, असा हा क्रम दिसतो.

या क्रमाचा परिणाम केवळ वारसा-व्यवस्थापनापुरता नाही. इंजिनांच्या आधारे लिहिलेला इतिहास लीड्स, विंटरथूर, बर्लिन या कारखान्यांचा आणि गव्हर्नरांच्या नावांचा होतो. सडकेच्या आधारे लिहिलेला इतिहास खडकाचा, पावसाचा, मजुरीचा आणि वाट जाणणाऱ्यांचा होतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखकाने ‘लोखंडी सडक’ हा शब्द निवडला, तेव्हा त्याला ही सर्व विवक्षा अभिप्रेत होती असे म्हणता येणार नाही. तथापि तो शब्द आज या दुसऱ्या इतिहासाकडे नेणारी वाट ठरू शकतो. संग्रहालय हा एक संकलनग्रंथ आहे आणि संकलनात आलेला प्रत्येक उतारा त्याच्या मूळ संहितेपासून सुटलेला असतो. अशा उताऱ्याचा संदर्भ शोधून तो पुन्हा वाचकापुढे ठेवणे हे अभ्यासकाचे जुनेच काम होय. चाणक्यपुरीतील ‘सर लेस्ली विल्सन’च्या पाटीशेजारी ‘खेकडा’ हा एक शब्द आणि १:३७ हे एक गुणोत्तर जरी लिहिले गेले, तरी त्या सपाट आवारात घाटाचा चढ जाणवू लागेल. आणि त्या चढावर एके काळी कोणाची पहार चालली, हा प्रश्न विचारण्यास प्रेक्षक मोकळा होईल.